कलत्या गावातली सरळ गाडी

दिवाळी सरता सरता वेचणीचा कापूस घरात येतो आणि भैंशातली वाहनं एका अंगाला कलायला लागतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला फळ्या ठोकायच्या, फळ्यांच्या वर जाळी ताणायची, जाळीच्याही वर ढीग रचायचा आणि मार्केट यार्डाकडं निघायचं. कापूस वजनाला हलका, म्हणून उंच रचावा लागतो. उंच रचला म्हणून डुलतो. डुलतो म्हणून दाबायला वर दोन माणसं बसवावी लागतात, आणि ती दोन्ही माणसं एकाच बाजूला बसतात, कारण दुसऱ्या बाजूला ऊन असतं.

चौकातल्या चहाच्या हॉटेलात बसणारी मंडळी या शास्त्रात पारंगत आहेत. ट्रॉली लांब असतानाच ते सांगतात, ही कुबीरकडनं आली की मुधोळकडनं. कोणत्या रस्त्याची कोणती कड खचलीय हे त्यांना पाठ असतं आणि कापूस त्या हिशेबानं सरकलेला असतो. परगावचा एखादा पाहुणा घाबरून विचारतो, ‘‘पडती का काय?’’

‘‘नाही पडत. कापूस हाय.’’

‘‘आन् पडली तर?’’

‘‘पडली तरी कापूसच हाय.’’

यावर पाहुण्यानं चहा प्यावा, दुसरं काही करू नये.

ट्रॉलीच कलते असं नाही. तेलंगणाची पल्ले वेलुगु बस शाळा सुटायच्या वेळेला दाराच्या बाजूला झुकलेली असते, आणि नांदेडहून येणारी आपली लाल एसटीही स्टँडात वळताना तिच्याशी एकमत दाखवते. ऑटोवाला स्वतः अर्ध्या सीटवर बसतो, उरलेल्या अर्ध्या सीटवर दोन गिऱ्हाइकं घेतो आणि हँडलकडं तिरकं बघत गाडी हाकतो. मोटारसायकलच्या डाव्या बाजूला दुधाचा कॅन असेल, तर उजव्या बाजूला नेमकं काहीच नसतं. हा तोल इथल्या माणसाच्या कमरेतूनच येत असावा.

खरं म्हणजे इकडं तिकडं कलायची सवय या भागाला सरकारनंच लावली. निजामाच्या राज्यात मुधोळ तालुका नांदेड जिल्ह्यात होता. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यांची फेरमांडणी झाली तेव्हा मुधोळ, भैंसा आणि कुबीर ही सर्कलं नांदेडमधून काढून आंध्र प्रदेशाच्या आदिलाबादेत टाकली, आणि आदिलाबादचे किनवट-राजुरा उचलून मुंबई राज्याच्या पदरात घातले. 2 जून 2014 ला तेलंगणा झालं. 11 ऑक्टोबर 2016 ला निर्मल हा वेगळा जिल्हा झाला. भैंसा जागचं हललं नाही, पण त्याच्या भोवतीच्या रेघा एवढ्या हलल्या की इथला माणूस मराठीत शिंकतो, दखनीत भाव करतो आणि तेलुगूत अर्ज लिहून घेतो. गाड्यांच्या पाट्या बघा. जुन्या गाडीवर एपी-01, म्हणजे आदिलाबाद. 2014 नंतर टीएस. जिल्हा फुटल्यावर टीएस-18. मार्च 2024 पासून नवीन गाडीला टीजी. शेजारी उभ्या असतात नांदेडच्या एमएच-26. एका गल्लीत सगळा इतिहास पार्क केलेला असतो, आणि तोही बहुधा नाल्याच्या बाजूला जरा कललेलाच.

अशा गावात आमच्या दाजींना आपली गाडी कलू नये असं वाटायला लागलं.

दाजी अडतीचा धंदा करतात. वर सांगितलेल्या ट्रॉल्या त्यांच्याच दुकानापुढं येऊन थांबतात. त्यांचा सगळा दिवस कललेल्या मालाखाली जातो आणि त्याचं त्यांना काडीचंही काही वाटत नाही. पण संध्याकाळी दुकान बंद करून ते आपल्या पांढऱ्या काँटेसात बसले, आणि समोरनं येणाऱ्या एखाद्या मोटारसायकलला चुकवताना गाडी जरा झुकली, की त्यांचा जीव खालीवर होतो. ‘‘बघा, बघा, कशी लवंडती,’’ असं ते शेजारच्या माणसाला सांगतात. शेजारचा माणूस बहुतेक वेळा मी असतो.

काँटेसा आता पोरांना दाखवून सांगावी लागते. कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्याला हिंदुस्तान मोटर्सनं ही गाडी 1984 साली आणली. साचा इंग्रजांच्या व्हॉक्सहॉल व्हिक्टरचा, आणि तोही विलायतेत बाद झालेला. एवढ्या लांबरुंद अंगात सुरुवातीला इंजिन घातलं अँबॅसडरचंच, 1489 सीसीचं. पैलवानाचा लंगोट बांधून कारकून आखाड्यात उतरवला. पुढं जपानच्या इसुझूचं 1817 सीसीचं इंजिन आणि पाच गिअर आले, तेव्हा कुठं गाडीला आपल्या रूपाला साजेसा आवाज मिळाला. सिनेमातले खलनायक तिच्यातून उतरायचे, पुढारी तिच्यात चढायचे. 2002 च्या सुमारास ती बंद पडली. दाजींनी आपली काँटेसा निजामाबादच्या एका माणसाकडून घेतली. त्या माणसानं ती देताना बॉनेटवर हात फिरवून डोळे पुसले होते, असं दाजी सांगतात. अक्काचं, म्हणजे माझ्या बहिणीचं, म्हणणं, तो हसू दाबत होता.

आता या गाडीला दाजी ‘मसल कार’ म्हणायला लागले, त्याचं कारण मोबाइल. रात्री जेवण झालं की ते खाटेवर पडून अमेरिकेतल्या लोकांच्या गाड्या बघतात. ते गोरे लोक गाडीखाली आडवे पडलेले असतात आणि दाजी गाडीवरच्या कर्जाशेजारी. त्यातून त्यांना ज्ञान झालं की 1964 साली पाँटिअ‍ॅक कंपनीनं जीटीओ नावाची गाडी काढली, तिथून हा सगळा बलदंड गाड्यांचा प्रकार फोफावला. जीटीओचं इंजिन 389 घन इंचांचं, म्हणजे जवळजवळ 6.4 लिटर, आणि ताकद 325 अश्वशक्ती. आकारानं दाजींच्या काँटेसाच्या इंजिनाच्या साडेतीन पट. मी हा हिशेब त्यांना करून दाखवला. ते म्हणाले, ‘‘आपली अंगानं लहान हाय, पण वृत्ती तीच हाय.’’

या मंडळींची एक गंमत मला फार आवडली. या गाड्या सरळ पळायला बनवल्या होत्या. पाव मैलाचा सरळ रस्ता, दोन गाड्या, दिवा लागला की सुटायचं, बस. वळण हा विषयच अभ्यासक्रमात नव्हता. म्हणून जीटीओला मागचा स्वे बार मिळायला 1970 साल उजाडावं लागलं, आणि तेव्हाही तो ओल्ड्समोबिल 442 नावाच्या चुलत बहिणीला जो बार होता, जवळपास तोच होता. म्हणजे सहा वर्षं अमेरिकेतल्या जीटीओवाल्या बलभीमांनी वळणावर देवाचं नाव घेतलं. हे ऐकून दाजींची खात्रीच पटली की आपलंही दुःख जागतिक आहे.

बार म्हणजे काय, हे इथं सांगितलं पाहिजे, कारण भैंशात ते मलाच प्रत्येकाला समजावून सांगावं लागलं. गाडीच्या खाली आडवी एक स्प्रिंगच्या पोलादाची दांडी असते. दोन्ही टोकं वळवलेली, इंग्रजी यू अक्षराची. मधला भाग रबराच्या बुशांत धरलेला आणि टोकं दोन छोट्या लिंक रॉडनी अडकवलेली. गाडी वळणावर एका अंगाला झुकली की एक चाक अंगात दबतं, दुसरं सुटतं, आणि ही दांडी पिळली जाते. पिळलेली दांडी सरळ व्हायला बघते, त्या ओढाताणीत गाडी कमी कलते. याचं पेटंट 1919 साली कॅनडातल्या फ्रेडरिक्टनच्या स्टीफन कोलमन यांनी मिळवलं. त्या साली आमच्याकडं बैलगाड्या होत्या आणि त्यांना स्प्रिंगच नव्हती, त्यामुळं पिळण्यासारखं बैलाच्या शेपटीशिवाय काही नव्हतं.

दांडीचा स्वभाव एकत्र कुटुंबातल्या थोरल्या भावाचा. दोन्ही चाकं बरोबर वर उचलली, उदाहरणार्थ गतिरोधकावर, तर ती काहीच करत नाही. आपल्या बुशांत नुसती जराशी फिरते, दोघांचं चाललंय ना बरं, मग मी कशाला बोलू. पण एकच चाक खड्ड्यात गेलं की तिला राहवत नाही. ती ते दुखणं उचलते आणि दुसऱ्या चाकाच्या अंगावर घालते. दांडी जितकी जाड, तितकं हे प्रेम जास्त. आणि आमच्या बाजूच्या रस्त्यांवर दोन्ही चाकं एकाच वेळी एकाच उंचीवर असण्याचे प्रसंग, गतिरोधक सोडले तर, फार येत नाहीत. हे वाक्य मी दाजींपुढं नीट मांडलं होतं. ‘‘तुमी मास्तर लोकं लई इचार करता,’’ एवढंच ते म्हणाले.

पहिला प्रश्न होता, काँटेसाच्या मागं आत्ता काय आहे. यावर गावात दोन तट पडले. एक तट म्हणे, मागं बार होता, जुन्या मालकानं काढला. दुसरा म्हणे, असला तर अजून तिथंच असेल, चिखल काढून बघा. दाजींनी गाडी सर्व्हिसिंगला नेली आणि खालून पाण्याचा फवारा मारायला लावला. निजामाबादपासूनची माती, एक चप्पल आणि बरंच काळं ऑइल निघाल्यावर ॲक्सलजवळ वेल्डिंग केलेले दोन लोखंडी कान दिसले आणि त्यांत अडकवलेली एक गंजकी, 18 मिलिमीटरची दांडी. दोन्ही तट जिंकले. ती काढून तिथं जाड घालायची, हे मात्र त्याच क्षणी ठरलं.

आमचे उस्ताद हायवेला बसतात. हायवे म्हणजे कल्याणहून नगर, परभणी, नांदेड, भोकर करत निर्मलला जाणारा राष्ट्रीय महामार्ग 61. उस्तादांच्या गॅरेजात दुरुस्तीला आलेल्या गाड्या कमी आणि दुरुस्तीची वाट बघून थकलेल्या जास्त. त्यांनी काँटेसा जॅकवर चढवली, खाली सरकले, बराच वेळ आतून ‘‘हौ... हौ...’’ एवढाच आवाज आला. बाहेर आल्यावर म्हणाले, ‘‘सेठ, ये गाडी झूमती नै. इसकी चालच ऐसी है. पुराने लोगां की चाल.’’

‘‘उस्ताद, झूमती आहे. मला चक्कर येते.’’

‘‘चक्कर आती तो बीपी चेक कराओ. गाडी कू कायकू डालना?’’

पण दाजींनी मोबाइल पुढं केला. त्यात एक दाढीवाला अमेरिकन माणूस जुना बार आणि नवा बार शेजारी शेजारी धरून उभा होता. उस्तादांनी तो फोटो मोठा केला, बारापेक्षा त्या माणसाच्या पान्ह्यांच्या पेटीकडं जास्त वेळ बघितलं आणि सुस्कारा टाकून म्हणाले, ‘‘कित्ते एमएम का होना?’’

इथं गणित शिरलं आणि गणित मीच शिरवलं. गोल दांडीचा पिळाला होणारा विरोध व्यासाच्या चौथ्या घातानं वाढतो. 18 च्या जागी 22 घेतली तर चार मिलिमीटरच वाढले, पण ताठरपणा सव्वादोन पट झाला. 25 घेतली तर पावणेचार पटीच्या घरात. मी हे कागदावर मांडलं ते दाजींनी जपून राहावं म्हणून. दाजी म्हणाले, ‘‘चार मिलिमीटरला सव्वादोन आणि सातला पावणेचार? मग सातच घेऊ. भाव परवडतो.’’ अडत्यापुढं पटीचा हिशेब मांडणं म्हणजे त्याला खरेदीचं आमंत्रण देणं.

दांडी आणायची कुठून, यात हिवाळा निम्मा गेला. दाजींचे एक चुलतभाऊ घरं बांधायची कंत्राटं घेतात. त्यांनी स्लॅबची सळई पाठवली. ‘‘पंचवीस एमएमचीच हाय, टाटाची हाय, अजून दोन मजले चढले तरी वाकत नाही.’’ त्यांना समजावावं लागलं की प्रश्न वाकायचा नाही, वाकून परत यायचा आहे. गंमत अशी की साधं लोखंड आणि स्प्रिंगचं पोलाद, पिळायला दोघं सुरुवातीला जवळपास सारखीच ताकद मागतात. फरक कळतो तो पुढं. स्प्रिंगचं पोलाद सोडलं की जागेवर येतं आणि सळई थोड्याशा पिळानंतर आपला नवा आकार कायमचा स्वीकारते. चुलतभावांनी ती परत नेली. सध्या ती त्यांच्याच गेटाची आडवी कडी आहे आणि वाकलेली आहे.

मग अँबॅसडरचा विषय निघाला. अँबॅसडरच्या पुढच्या चाकांना लांबलचक टॉर्शन बार असायचे, म्हणजे पिळावरच चालणारी स्प्रिंग. एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडं त्यांतला एक बार होता आणि तो त्यावर कपडे वाळत घालायचा. पोलाद उत्तम, पण सरळ. तो यू आकारात वळवायचा तर भट्टीत लाल करावा लागणार, आणि लाल केला की त्याची सगळी उजळणी करावी लागणार: पुन्हा तापवा, तेलात बुडवा, पुन्हा बेतानं तापवा. लेथवाले अन्ना सगळं ऐकून घेऊन म्हणाले, ‘‘एमी कादु, मी करून देतो,’’ आणि दाजी त्याच वेगानं ‘‘नको’’ म्हणाले. अन्नांच्या ‘काही होत नाही’ नंतर काय काय होतं, हे त्यांनी आपल्या तराजूच्या बाबतीत पाहिलं होतं.

अखेर नांदेडच्या भंगार बाजारात कुठल्याशा मोठ्या जीपचा बार मिळाला. 25 मिलिमीटरचा, आयता वळवलेला, फक्त रुंदीला जरा जास्त. उस्तादांनी लिंक रॉड लांबवले, नवे कंस कापले, बुश अन्नांकडून लेथवर करून घेतले. दाजींनी बार निर्मलला रंगवायला नेला. निर्मलच्या लाकडी फळांना आणि चित्रांना ड्युकोचा रंग देतात, म्हणजे मूळचा मोटारीचाच रंग. दाजींचं म्हणणं, तो रंग लाकडावर इतका खुलतो तर लोखंडावर का नाही खुलणार? तिथल्या कारागिरानं लाल रंग दिला आणि विचारलं, वर मोर काढू का. दाजींनी नकार दिला, पण मला वाटतं घरी येईपर्यंत त्यांना पश्चात्ताप झाला होता.

मधेच आरटीओचा धसका होता. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलाला सोडून गाडीत फेरबदल करू नये. मी हे वाचून दाखवलं तेव्हा बाहेर एक ट्रॉली चालली होती. तिच्या फळ्यांच्या वर पुन्हा फळ्या होत्या, मागचा दिवा कापसात बुडाला होता, आणि वर बसलेला माणूस मोबाइलवर बोलत होता. दाजींनी तिच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि कायद्यावरची चर्चा तिथं संपली.

बार बसला त्या दिवशी दाजींनी नारळ फोडला. पहिली फेरी गावातच झाली आणि मान्य करायला पाहिजे, फरक जाणवला. मार्केटच्या चौकात गाडी वळली ती सपाट वळली. समोर ठेवलेल्या पाण्याच्या बाटलीतलं पाणी हललं नाही. दाजींच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच मसल आली. ते मुद्दाम परत फिरून पुन्हा वळले, मग पुन्हा. चहाच्या हॉटेलातली मंडळी उठून बघायला लागली. ‘‘आडत्याला रस्ता सापडत नाही,’’ असं एक जण म्हणाला.

आमच्या काळ्या रानात वळणं मुळी कमीच. जमीन सपाट, रस्ता सरळ, नजरेपुढं कापूस नाहीतर सोयाबीन. खरी वळणं हवी असतील तर निर्मल ओलांडून आदिलाबादच्या वाटेवर महबूब घाट गाठावा लागतो. तिथं दाजी आम्हाला घेऊन गेले. पुढं ते आणि मी, मागं अक्का आणि तिच्या सासूबाई, ज्यांना मी मावशी म्हणतो. रात्री पाऊस पडून गेलेला. दुसऱ्या की तिसऱ्या वळणावर दाजींनी जरा हौसेनं स्टिअरिंग फिरवलं आणि गाडीचं तोंड वळणाकडं, शेपूट दरीकडं असा प्रकार झाला. क्षणभरच. पण मावशींनी त्या क्षणात व्यंकटेशापासून बासरच्या सरस्वतीपर्यंत सगळ्यांना हाक मारून घेतली.

याचं कारण साधं आहे आणि अमेरिकेतले लोकही तेच सांगतात, पण तो भाग दाजी झोप लागल्यामुळं कधी बघत नाहीत. मागचा बार फार ताठ केला की वळणावर मागच्या आतल्या चाकावरचं वजन भराभर उचलून बाहेरच्या चाकावर जातं. कलणं कमी होतं, पण मागच्या दोघांची मिळून पकड कमी होते आणि पुढच्यांच्या आधी मागचे घसरतात. म्हणून पुढचा बार, मागचा बार, टायर, सगळ्यांचा मेळ घालायचा असतो. काँटेसाचं पुढचं अंग जुनंच, मागं पावणेचार पट. दाजी म्हणाले, ‘‘मजा आली.’’ अक्का म्हणाली, ‘‘मला इथंच उतरवा. मी बसनं येते.’’ मावशी काहीच बोलल्या नाहीत. त्यांचं अजून नामस्मरण चालू होतं.

पण घाटानं जे केलं नाही ते घरगुती रस्त्यांनी केलं. त्या थोरल्या भावाचं प्रेम आता दर खड्ड्याला व्यक्त होऊ लागलं. डावं चाक पडलं की उजवीकडं बसलेल्या माणसाला दणका. पूर्वी मावशींना गाडीत बसवलं की दहा मिनिटांत झोप लागायची. बाजूबाजूनं झुलणारी गाडी त्यांच्या पाठीला ओळखीची होती. आता त्या ताठ बसायच्या, पुढच्या सीटची पाठ दोन्ही हातांनी धरून, आणि प्रत्येक खड्ड्याचं नाव घेतल्यागत ‘‘अगं आई’’ म्हणायच्या. बासरला दर्शनाला जाताना मुधोळपर्यंतच त्यांनी इतक्या वेळा आईला हाक मारली की अक्कानं गाडी थांबवून त्यांना ऑटोत बसवलं. ऑटो झुलत झुलत पुढं गेला आणि काँटेसा त्याच्या मागं, अगदी सरळ.

तरी दाजी मानायला तयार नव्हते. त्यांना मानायला लावलं यार्डानं. पहाटे पाऊस शिंतडून गेलेला, मार्केट यार्डाच्या मागच्या फाटकाशी ट्रॉल्यांच्या चाकोऱ्या पडलेल्या. दाजींनी गाडी आत घातली. पुढचं चाक एका उंचवट्यावर चढलं, मागचं त्याच बाजूचं चाकोरीत उतरलं, आणि ताठ बारानं त्या मागच्या चाकाला तळाशी नीट टेकूच दिलं नाही. ते जमिनीला नुसतं चाटत होतं. आता मोटारीचं डिफरन्शियल साधं असलं की जे चाक मोकळं, तेच फिरतं. जे जमिनीत घट्ट आहे त्याला ते काही देत नाही. मोकळं चाक गरागरा फिरायला लागलं, मागं उभ्या असलेल्या हमालांच्या अंगावर चिखलाची शाल पडली आणि गाडी इंचभरही सरकली नाही. जुना बारीक बार असता तर मागच्या चाकानं अंग सोडून खाली पाय टेकला असता.

दाजी उतरले. त्यांच्या मागं रांग लागली होती. रांगेत पहिली ट्रॉली होती ती डावीकडं इतकी कललेली की तिचा कापूस फाटकाच्या खांबाला पुसत होता. ट्रॅक्टरवाल्या पोरानं खाली उडी मारली, मागची ट्रॉली सोडून बाजूला टेकवली, दोर आणला. ‘‘काका, पुढं हूक हाय का?’’ काँटेसाला हूक आहे. पोरानं गाडी बाहेर ओढली आणि दोर गुंडाळता गुंडाळता वाकून खाली बघितलं.

‘‘हे लाल काय बसिवलंय?’’

‘‘गाडी कलू नये म्हणून.’’

पोरगं आपल्या ट्रॉलीकडं बघत थोडा वेळ विचारात पडलं. ‘‘पण कामून?’’

दाजींनी त्या दिवशी त्याच्या कापसाला चांगला भाव लावला, असं मी ऐकलं.

मग पुन्हा उस्ताद. ते यावेळी गाडीखाली गेलेच नाहीत. गुडघ्यावर बसून हात आत घातला आणि डाव्या लिंकचा एकच बोल्ट काढून दाजींच्या तळहातावर ठेवला. ‘‘ये रखो.’’ बाराचं एक टोक मोकळं झालं की त्याला पिळायला कुणी उरत नाही. तो बुशांत लटकत राहतो, चाकांच्या भांडणात पडत नाही. बार काढल्याची नामुष्की नाही, बार असल्याचा त्रास नाही. टोक कुठं आदळू नये म्हणून उस्तादांनी ते जुन्या ट्यूबच्या पट्टीनं वर बांधलं. ‘‘घाट कू जाना रहा तो बोलो. मैं लगा देतूं. लगाने के अलग, निकालने के अलग.’’

आता काँटेसा पुन्हा झुलते. मावशी मुधोळच्या आधीच घोरायला लागतात. तो बोल्ट डॅशबोर्डच्या कप्प्यात, विम्याच्या कागदाखाली असतो आणि खड्ड्यात गाडी पडली की तेवढा तो खडखडतो. दाजी मात्र कुठंही गेले की गाडी उलटी घेऊन लावतात, पार्श्वभाग लोकांकडं, म्हणजे खालचा लाल बार दिसावा. परवा बासरला वसंत पंचमीच्या गर्दीत, पाटी-पेन्सिल घेतलेल्या पोरांच्या रांगेपलीकडं गाडी लावली होती. हैदराबादहून मुलीला अक्षराभ्यासाला घेऊन आलेल्या एका तरुणानं खाली वाकून बघितलं. जाणकार दिसला.

‘‘अंकल, एक साइडची लिंक सुटलीये तुमची.’’

‘‘सुटली नाही,’’ दाजी म्हणाले, ‘‘सोडलीये. घरात म्हातारं माणूस हाय.’’